ट्रकच्या बॅटरीवरची बाय

आम्हा डिचोलीच्या स्वयंसेवकांना खाणीच्या ट्रकांतले जुने वायरलेस सेट मिळाले. इतके म्हातारे, की बटण दाबलं की आधी खोकायचे. पुरात मोबाईल मुका झाला की भिस्त यांच्यावरच. पण आतलं फर्मवेअर, म्हणजे सेट चालवणारा प्रोग्राम, बदलल्याशिवाय ते शेजारच्या कारापूर गावातल्या नव्या सेटांशी बोलेनात.

तुयेच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातली कोल्हापूरकडची एक मुलगी सुट्टी सोडून आली. नाव विचारायचं राहूनच गेलं. लॅपटॉपची केबल जोडण्याआधी ती प्रत्येक सेट ओढणीनं पुसायची, आजाऱ्याचं कपाळ पुसावं तसा.

"मामा, मधेच वीज तुटली तर सेट कायमचा मेला. हलू नगा."

मी श्वास असा रोखला, की डिचोलीची नदी थबकली. काम अर्ध्यावर आलं आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

"मेलों गे बाय!" मी किंचाळलो.

तिनं मानही वर केली नाही. नुसतं टेबलाखाली बोट दाखवलं. सेट आणि लॅपटॉप, दोन्ही ट्रकच्या बॅटरीवर!

"इथली वीज पंख्यापुरती बरी, मामा."

थोड्या वेळानं सेट न खोकता बोलला, "कारापूर बोलतंय. डिचोली, आयकता मरे?"

"आयकतां!" मी गरजलो.

"मामा, आधी बटन दाबा की!" ती हसली.

पण खरं सांगतो, कारापूरचं उत्तर तोवर आलंसुद्धा होतं.