मांडीवरचा राक्षस

पंधराएक वर्षं झाली असतील. उरणहून पनवेलला येणाऱ्या एसटीत शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर रबराचं राक्षसाचं मुंडकं होतं. खड्डा आला की ते दोन्ही हातांनी त्याची शिंगं धरायचे आणि मग हळूच त्याच्या जटांवरची धूळ फुंकायचे.

विचारल्यावर कळलं, ते टीव्हीवरच्या एका मालिकेत राक्षसाचं काम करतात. त्यातल्या मुलीला बापाची भीती वाटते आणि ती भीती म्हणजे हा राक्षस.

"मग डरकाळ्या फोडत असाल!" मी म्हणालो.

"नाय ओ. निस्ता दारात उभा ऱ्हातो. माजा बापूस कामावरून आला का असाच उभा ऱ्हायचा. आमी पोरं हसता हसता गप व्हायचो." त्यांनी शिंगावरून हात फिरवला. "बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाय, आमी गप का होतो ते."

पनवेलला मुंडकं कडेवर घेऊन ते उतरले.

घरचा जिना चढताना माझ्या दोन्ही मुलींचं खिदळणं ऐकू येत होतं. मी दार उघडलं आणि ते थांबलं.

मी चपला काढल्या आणि दारातच फतकल मारून बसलो.