टोचायची राहिलेली माणसं

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय निघाला की उठून जायचो. पण पटकीच्या लशीवरच्या त्या निबंधाचं कौतुक करणारे अजून भेटतात आणि माझं डोकं फिरतं.

स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांनी मी पनवेलच्या एका लहान प्रयोगशाळेत जंतुशास्त्र शिकत होतो. दर शनिवारी दुपारी वाचन असे. एकाने शोधनिबंध मांडायचा, बाकीच्यांनी चुका काढून तो फाडायचा. आमचे प्रमुख डॉक्टर बजावत, "लस कोणाला टोचली हे कोणीही विचारेल. कोणाला टोचली नाही आणि का नाही, ते आधी विचारा." परदेशी निबंधांना हा प्रश्न मी मोठ्या ऐटीत विचारायचो.

मग डॉक्टरांचा स्वतःचाच निबंध मांडायचं काम माझ्याकडे आलं. गव्हाणजवळच्या एका गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस टोचली होती. टोचलेल्यांत पटकी जवळजवळ नाही, न टोचलेल्यांत भरपूर. म्हणजे लस उत्तम.

काचसामान धुणारे आमचे शिपाईकाका त्याच गावचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. शुक्रवारी मी तक्ते काढत होतो, तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, टोचनारे आले तवा आमचं अर्धं गाव मिठागरावर, झोपड्यांत. घरी राहिले त्यांनाच टोचलं. ते विहिरीचं पानी पितात, आमी डबक्याचं. यात सुईचं काय कौतुक? येवढं लिवा, म्हंजे मिठागरावर पान्याची टाकी तरी मिलंल. गावानं अर्ज केलाय."

निबंधात पाण्याचा शब्दही नव्हता. "उद्या सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. "निष्कर्ष निर्विवाद आहे," एवढं बोलून खाली बसलो. चहाचे कप ठेवता ठेवता काका माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच बोलले, "पन डाक्टर, टोचायची राहिली ती मानसं गावात नव्हतीच."

"वा! आता बाटल्या धुणारे निबंध तपासणार!" डॉक्टर म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

"या भाऊंना इचारा. काल सांगितलंय."

"मला काही बोलले नाहीत," मी म्हणालो.

काकांनी रिकामा ट्रे उचलला. सोमवारपासून त्यांना सशांचे पिंजरे साफ करायला धाडलं. निबंध छापून आला. लस पुरेशी आहे, असा त्याचाच दाखला देऊन सरकारी कचेरीने गावाचा टाकीचा अर्ज परत पाठवला. पुढच्या हंगामातही काकांची नातवंडं तेच डबक्याचं पाणी प्यायली. डॉक्टरांचा मला संताप येतो, पण पाण्याचं त्यांना निदान कोणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. आणि मी पुढे आयुष्यभर वर्गातल्या पोरांना 'कोणाला टोचली नाही?' हाच प्रश्न शिकवला, त्याच ऐटीत.

काका निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांच्या घरी गेलो. "या भाऊ, बसा," म्हणत त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायलो, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि निघालो. वाक्य जाताना एसटीतच जुळवून नेलं होतं, ते तसंच परत आणलं: काका, तुम्ही मला सांगितलं होतं, मी सगळ्यांदेखत खोटं बोललो, मला माफ करा.