दार धरून उभे राहिलेले काका

आमच्या अंधेरीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटणारे काका पूर्वी टोळीत होते. दोन पोलिसांच्या खुनाची जन्मठेप भोगून आलेत. तुरुंगात दार नेहमी शिपाईच उघडायचा, म्हणून अजूनही कुठल्याही दारापुढे ते नुसते उभे राहतात. आम्ही ओरडतो, "काका, ढकला ना!" ते हसतात, "ऑर्डर नाय रे."

नोकरी पक्की व्हायला मला पोलीस ठाण्यात पडताळणीसाठी जायचं होतं. मी आठवीत शाळा सोडून गावाहून आलेला. पोलिसांना घाबरायचो. काका सोबत आले. ठाण्याच्या दाराशी दोघेही थिजलो. मग त्यांनीच दार ढकललं. "जा. माणसंच असतात रे ती. मला उशिरा कळलं."

काम होऊन बाहेर आलो, तर काका दार धरूनच उभे.

"सोडू काय आता, साहेब?"