बास नावाची भाषा

जगातली निम्मी भांडणं जादा शब्दांमुळं होतात, असं मानून घरबसल्या नवी भाषा तयार करणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच झाला, आणि तो आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आतोबांची सगळी नोकरी तार ऑफिसात गेली. जन्म, मरण, लग्न, बदली असं सगळं चार-पाच शब्दांत बसवून देता देता उरलेलं बोलणं फुकट, अशी त्यांची खात्री झाली होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निवृत्त झाल्यावर ते कामाला लागले. शंभरेक शब्दांत अख्खा संसार आटपायचा होता. कुठलंही जनावर म्हणजे 'मू', वाहील ते सगळं 'पा', आणि चांगलं, गोड, सुंदर, स्वस्त या सगळ्यांना मिळून 'नी'. कळंब्याच्या तलावावर फिरायला येणाऱ्या पेन्शनरांना ते ही भाषा शिकवायचे. पेन्शनर पुढं पुढं त्यांना बघून उलटे वळायला लागले.

भाषेला नाव मात्र सुचत नव्हतं. एकदा ऐन जेवणात ते आत्याला व्याकरण समजावत बसले. भाकरी वातड झाली, रस्सा थिजला, तरी क्रियापद संपेना. शेवटी आत्या पळी आपटून म्हणाली, "बास." आतोबांचा घास हातातच राहिला. एवढंसं, कुणालाही कळणारं, आणि त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्यात आलेलं. भाषेचं नाव 'बास' पडलं. कुणी विचारलं की ते अभिमानानं सांगायचे, "नाव आमच्या मंडळींनी ठेवलंय." आतून आत्या म्हणायची, "म्या न्हाय ठेवलं. जेवा म्हटलं हुतं."

गडमुडशिंगीहून येणाऱ्या गवळ्यावर त्यांनी पहिला प्रयोग केला. "मू-पा द्या," म्हणाले. गवळ्यानं अर्थ विचारला.

"मू म्हणजे म्हैस, पा म्हणजे पाणी. मिळून दूध."

गवळ्यानं किटली खाली ठेवली. "माझ्या दुधात पाणी हाय म्हणता व्हय?"

त्यानं रतीबच बंद केला. जगातलं भांडण मिटवणाऱ्या भाषेपायी घरात कितीतरी दिवस कोरा चहा चालला होता.

काही वर्षांनी आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. गल्लीला पुरून उरणारी आमची आत्या गप्प पडून राहिली. आतोबांना वाटलं, आता तरी 'बास' उपयोगी पडेल. बऱ्याच खटपटीनंतर आत्या 'पा' म्हणाली. त्यांनी धावत पाणी आणलं. तिनं तोंड फिरवलं. चहा आणला, ताक आणलं, तरी मान नाहीच. तिला सोलकढी हवी होती, हे कळेपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आतोबांच्याही.

दुसऱ्या दिवसापासून ते तिच्या उशाशी बसून मराठी शिकवायला लागले. "ताक म्हण. ता-क. आता कढी." एका 'पा'चे त्यांनी स्वतःच्या हातानं चहा, ताक, कढी, सरबत, पेज असे तुकडे केले. महिने गेले. एके सकाळी मी गेलो, तर दारातूनच आत्याचा आवाज आला, अडखळत, पण नेहमीच्या धारेचा. "चहात साखर... घालाय काय... हात मोडल्यात व्हय?"

आतोबांनी मला ओठांवर बोट ठेवून बसायला खुणावलं. आत्या साखरेवरून दुधावर गेली, दुधावरून सुनेवर, सुनेवरून आतोबांच्या बहिणीवर. दम लागून ती थांबली की आतोबा पुढं वाकून हळूच विचारत, "आणि? पुढं?"