ओढून न पाहिलेली गाठ

त्या दिवशी तिसऱ्या पहरी मी आणि माझी बायको अंगणात शिंगाडे सोलत बसलो होतो. उकडलेले, काळे. तिच्यापुढे विळा, माझे नुसते दात. ती सोलून टोपल्यात टाके, मी सोलून तोंडात.

"अर्धे तं तुमच्याच पोटात चालले," ती म्हणाली.

मग एक शिंगाडा हातात तसाच धरून म्हणाली, "माह्या गाठीनं माहा भाऊ नेला."

दरवर्षी शिंगाड्याच्या दिवसांत ती हे एकदा म्हणायची. दरवर्षी माझ्या तोंडाशी खरं यायचं. त्या दिवशीही आलं. मी म्हटलं, "मीठ कमी पडलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती चूल पेटवायला बसली आणि बसल्याजागी कलंडली. दुपारपर्यंत आम्ही तिला मसणात पोहोचवून आलो. मीठ कमी पडलं, हेच आमचं शेवटचं बोलणं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण हे आता कोणापुढे बोलायचं, म्हणून कागदावर.

आमचं गाव आंधळगावापासून दोन कोस. आम्ही तलावावरचे लोक. मासोळी मारायची, शिंगाडे लावायचे. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, रस्त्याला लागून देशी दारूचं दुकान होतं, सरकारी परवान्याचं. मालक बाहेरगावचा. गिलास भरायला मी. मासोळीवर बारा महिने भागत नव्हतं, म्हणून धरलं ते काम. बायको बाजारात सुकी मासोळी विकायची. लोक म्हणत, "चखना बी याच्याच घरचा न दारू बी याच्याच हातची!"

आणीबाणी उठली त्याच्या मागच्या-पुढच्या सालातली गोष्ट. आमच्यातला एक जण दुकानातून पिऊन निघाला, डोंग्यात उभा झाला आणि शिंगाड्याच्या वेलात पडला. वेल पायाला गुंडाळला की पोहणाराही वर येत नाही. तिसऱ्या दिवशी गावच्या बाया दुकानावर आल्या. पुढे माझीच बायको. आजूबाजूच्या गावांत बाया मोहाच्या दारूचे मडके फोडत होत्या, पण आमचं पडलं परवान्याचं. हवालदारानं आधीच सांगून ठेवलं होतं, फोडाल तर आत जाल.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मालकाला म्हणाली, "दुकान बंद नाई होत ना? नको होऊ दे. पन पाजाचं कसं, ते आमी सांगू."

मालक हसला. "सांगा बाई. काय नेम हाये तुमचा?"

"हासू नोको. अंगठे मारलेला अर्ज पदरात हाये. तालुक्याले नेऊ का?"

तेव्हा त्याचं हसू गेलं.

तिनं कमरेतून जुन्या जाळ्याचा तुकडा काढला आणि गिलास भरायच्या फळीजवळच्या खिळ्याला टांगला. नेम असा: तलावावरून येणाऱ्यानं डोंगा ढकलायचा बांबू दुकानाच्या कोपऱ्यात ठेवायचा, म्हणजे त्यावाचून पाण्यात जाता येत नाही. गिलास झाला की जाळ्याला एक गाठ मारायची, मासोळीच्या जाळ्याची असते तशी. मी बोट घालून ती ओढून पाहायची. पक्की असली तर दुसरा गिलास मिळेल किंवा बांबू परत मिळेल, त्याची मर्जी. सरकली तर दारू बंद आणि बांबू आमच्या घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बायकोच्या हातून घेऊन जायचा.

"परीक्षा द्याले आलो का प्याले बे?" लोक म्हणत. मला मास्तर म्हणायला लागले. "मास्तर, पास का नापास?"

पण नेम चालला. सकाळी आमच्या दारात मोठमोठे मिशीवाले मान खाली घालून उभे राहत. ती आतूनच विचारायची, "तोंड धुतलं का? धुऊन ये पहिले." बांबू हातात द्यायची आणि चार शब्द ऐकवायची. तिच्या चार शब्दांच्या भीतीनं कित्येक जण एका गिलासावर उठू लागले. तीन-चार साल तलावानं कोणाला घेतलं नाही. लाखांदूरकडच्या दोन बाया एसटीनं येऊन तो तुकडा पाहून गेल्या. त्या दिवशी हिनं घरात तीनदा चहा मांडला.

मग एका शिंगाड्याच्या दिवसांत, दुपारी, माझा साळा आला. हिचा एकुलता एक भाऊ, पाठचा. हिनंच कडेवर वाढवलेला. कोपऱ्यात बांबू ठेवला, दोन गिलास प्याला. पहिल्या गिलासाला मी गाठ मागितलीच नव्हती.

"भाऊजी, बांबू द्या. वेल तोडाचे राह्यले."

"गाठ मार."

"मलेबी?"

"तुह्याच बहिनीचा नेम हाये."

त्यानं मारली. माझ्याकडे पाहून डोळा मारला. "पाहा, ओढून पाहा साळ्याची गाठ!"

दुकानात हशा झाला. मीही हसलो. बोट घातलं नाही. घरचा माणूस, चार लोकांत त्याची गाठ काय ओढायची, असं वाटलं. म्हटलं, "पास." आणि बांबू मीच उचलून दिला.

ऊन उतरायच्या आत पाळीवर ओरड झाली.

सगळे तलावाकडे पळाले. मी पहिले फळीजवळ गेलो आणि त्याच्या गाठीत बोट घातलं. सरकली. नुसत्या बोटानं, सररकन.

संध्याकाळी त्याला वर काढलं. हिनं रडता रडता मला विचारलं, त्याच्या बायकोच्या समोर, "गाठ मारली होती त्यानं?"

"मारली."

"ओढून पाह्यली?"

"ओढली. पक्की होती."

म्हटलं आणि झालं. तेवढ्यानं मी सुटलो आणि ती अडकली. साळ्याची बायको तिच्या अंगावर धावली. "तुह्या खेळानं माहं कुकू पुसलं! जिंदगीभर जाळं विननारा मानूस, त्याचे हात झोपेतबी गाठ मारते! एवढंबी नाई समजलं तुले?"

हिनं ते खरं मानलं. दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात येऊन तिनं तुकडा खिळ्यावरून काढला आणि माझ्यापुढे टाकला. तिथून ती घरी जाऊन बसली. बाकीच्या बायाही मग घरी बसल्या. मालक खूश. पुढच्या बाजाराला ज्याला उभं राहता येत नव्हतं, त्याचाही गिलास मीच भरला.

तुकडा मी फेकला नाही. पेटीत कपड्यांच्या खाली ठेवला. सरकलेल्या गाठीसकट.

भावाच्या घराचा उंबरा तिला पुन्हा ओलांडता आला नाही. दिवाळीत ओवाळायला भाऊ नाही आणि भावजय तोंड पाहत नाही. गावातून जाताना ती त्या घराच्या बाजूला डोक्यावरचा पदर पुढे ओढायची. मी मागून चालायचो आणि पाहायचो. खरं सांगितलं तर ही मला सोडून जाईल, अशी भीती. गेली असती तर काय झालं असतं? भाकरी करपली असती माझी. तिचं माहेर तरी राहिलं असतं.

तिला पोहोचवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली. तुकडा घेतला आणि साळ्याच्या घरी गेलो. त्याची बायको अंगणात सडा टाकत होती. तिच्या हातात तुकडा दिला, साळ्याची गाठ दाखवली.

"ओढून पाह्य," म्हटलं.

तिनं बोट घातलं. इतक्या वर्षांनी धागा कडक झाला होता, तरी सरकली.

"मी पाह्यली नव्हती त्या दिवशी. खोटं बोललो. तिचा नेम बरोबर होता."

तिनं तुकडा माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाली, "मले काहून सांगून राह्यले? तिले सांगाचं होतं."

आणि बादली उचलून आत गेली. काही वाईटसाईट बोलली असती तर ऐकून घेतलं असतं.

तिथून मी दुकानात गेलो. लोक उभे होते. मालक म्हणाला, "अरे, तुह्या घरी सुतक हाये. आज कायले आला?" मी फळीजवळ गेलो. खिळा अजून होता, गंजलेला. त्याला तुकडा टांगला. पहिल्या गिऱ्हाइकाचा एक गिलास झाला तेव्हा म्हटलं, गाठ मार. तो हसला, मालकाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहून मारली.

मी बोट घातलं आणि जोर लावून ओढली.