दगडूला परत आणू नका

आमच्या अक्काला गोंडस नावांचा राग होता. ही माझी थोरली चुलत बहीण. माहेर धुळ्याकडचं, सासर जळगावला मेहरूणमध्ये. अंगणवाडीतून निवृत्त झाली आणि मुलाने पुण्याला जाताना मागे ठेवलेल्या संगणकावर एका खेळाच्या नादी लागली. चौघांची टोळी घेऊन गुहांमध्ये उतरायचं. मेला तो कायमचा मेला, पुन्हा उठत नाही, हा त्या खेळाचा नियम. अक्काने चौघांची नावं ठेवली दगडू, भिका, उखर्डू आणि धोंडी. मूल जगत नसलं की आपल्याकडे अशीच नावं ठेवतात, यमाचं लक्ष जाऊ नये म्हणून.

मीही एकदा खेळून पाहिलं. माझ्या वीराचं नाव रणधीर. तो पहिल्याच गुहेत उंदीर चावून मेला. अक्का म्हणाली, "ढोल वाजवून यमाला पत्ता दिलास तू, भाऊ."

टोळीतलं कोणी जखमी असलं की ती भिशीला जायची नाही. "आज उखर्डूला बरं नाही," असा निरोप. बायका हसायच्या. "हसा," ती म्हणायची. "मालिकेतली सून रडली की तुमचा पदर डोळ्याला जातो. माझा उखर्डू निदान माझं ऐकतो."

मग एके दुपारी दगडू गेला. मागून राक्षस येत होते, दार अरुंद होतं. अक्काने दगडूला दारात उभं केलं आणि बाकीचे तिघे बाहेर काढले. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. रीत म्हणून मी घरून पिठलं-भाकरी नेली. कोण गेलं असं वाटेत कोणी विचारलं तर काय सांगायचं, याची तालीम करत गेलो.

दिवाळीला तिचा मुलगा राहुल आला. आईचं दुःख त्याला बघवेना. दगडू जिवंत असतानाची खेळाची जुनी प्रत संगणकात कुठेतरी उरली होती, ती त्याने रात्री गुपचूप घातली. सकाळी पडद्यावर दगडू धडधाकट उभा. आम्ही दोघे तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"हाऊ मना दगडू नही," अक्का म्हणाली. रागावली की ती माहेरच्या बोलीत बोलायची.

"आई, तोच आहे. फक्त मरायच्या आधीचा."

"मग दारात कोण उभं राहिलं होतं? तिघं कोणामुळे सुटले? त्याने केलं ते तू पुसून टाकलंस, बाबा." तिने राहुलला ती प्रत काढायला लावली. तो काढेपर्यंत त्याच्या मागे उभी राहिली. "माणूस गेला तर गेला. त्याचं जाणं तरी त्याचं राहू द्या."

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. संगणक राहुलने माझ्याकडे दिला. उरलेल्या तिघांना घेऊन मी खेळतो, तिच्याइतकं नीट जमत नाही. परवा माझ्या चुकीने भिका मेला. मी ताट सारलं. बायको म्हणाली, "राहुलला फोन करा, तो परत आणून देईल."

"नको."

"अहो, खेळातला तर होता."

"हो," मी म्हटलं, "खेळातलाच होता. आज मी जेवणार नाही."