सीलशिवाय दिवा नाही

आलासीने दगडी दिवा परत पिशवीत घातला, तसा सभागृहाच्या संचालिकाबाईंचा चेहरा उतरला.

कार्यक्रम कॅनडा सरकार आणि तिथले मूळ रहिवासी यांच्यातल्या सलोख्याचा होता. ओटावातली बडी मंडळी जमली होती. आधी आलासीने आपल्या इनुइट लोकांचा दिवा लावायचा, मग सगळ्यांनी जेवायचं, असं ठरलेलं. जेवणासाठी तिने सील, बर्फाळ समुद्रातला तो चरबीदार प्राणी, आणला होता. उत्तरेतल्या तिच्या गावच्या शिकाऱ्यांनी तो विमानाने धाडलेला. सील विकायचा नसतो, वाटायचा असतो. त्यासाठीच तिने घराच्या बेसमेंटमध्ये मोठा फ्रीझर मांडलाय. इनुइट माणसाने यावं, लागेल तेवढं न्यावं.

"दिवा हवाच," बाई म्हणाल्या. "मांस मात्र नको. तपासणीचा शिक्का नाही, वर कच्चं. नियम आहे."

"दिव्यात काय जळतं, ठाऊक आहे?"

"तेल."

"सीलचं. सील बाहेर, तर दिवाही बाहेर."

लहानपणी आलासीला सरकारी माणसांनी निवासी शाळेसाठी घरातून उचलून नेलं होतं. आईने पाठवलेलं सुकं मांस तिथल्या शिक्षिकेने चिमट्यात धरून कचऱ्यात टाकलं. तेव्हा ती गप्प बसली होती. आता बसणार नव्हती.

आणि आत जोआनासी ताटकळला होता. कॅन्सरच्या उपचारांसाठी गावाहून आलेला म्हातारा. हॉस्पिटलचं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. आज सील खाऊ घालीन, असा आलासीने त्याला शब्द दिला होता.

ती सील उचलून त्याला घेऊन थेट पार्किंगमध्ये गेली. मागोमाग कार्यक्रमाला आलेली तिची इनुइट माणसं. बर्फावर पुठ्ठे अंथरले, तिच्या रीतीप्रमाणे सगळे खालीच बसले. ओटावाच्या कनाटा उपनगरातली गौरांगी, तिची तरुण मैत्रीण, पुठ्ठ्याचं टोक धरून थिजली होती. तिच्या घरात अंडंही शिजत नाही.

"फेंट होऊ नकोस हं," आलासी म्हणाली. "उचलायला कुणी मोकळं नाही."

अर्धचंद्री सुरीने तिने सील फाडला. कलेजीचा पहिला तुकडा जोआनासीला.

"एवढा पातळ? डॉक्टरांकडे शिकलीस का कापायला?"

"गप खा, म्हाताऱ्या."

तो खाऊ लागला. डोळे मिटून, बोटं चोखत.

संचालिकाबाई धावत आल्या. "आत सगळे खोळंबलेत! फोटोवाले आलेत. निदान दिवा तरी..."

"भूक असेल त्यांना सांगा, कोट घालून बाहेर या. खाली बसावं लागेल."

बाई तिथेच उभ्या राहिल्या. जोआनासीने बाहीला तोंड पुसलं आणि पुन्हा हात पुढे केला. आलासीने बाईंकडे पाठ फिरवली आणि त्याच्यासाठी दुसरा तुकडा कापला.